बी.ए. अर्थशास्त्र: तीन वर्षांत नेमकं शिकवतात काय?

बारावीचा निकाल लागला की दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांत पुढचे काही आठवडे एकच विषय चालतो. सायन्सवाल्यांची वाट ठरलेली असते, कॉमर्सवाल्यांचीही. वडोदरा धंद्याचं गाव, त्यामुळे बी.कॉम. म्हटलं की कुणी काही विचारत नाही. पण घरातली मुलगी म्हणाली, ‘मला इकॉनॉमिक्स घेऊन बी.ए. करायचंय’, की आजोबांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे विचारू लागतात. त्यात असतं काय? शेअर बाजार शिकवतात का? बँकेत लागतं का? की नुसतं पाठांतर?

मी हा विषय शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत हे प्रश्न मला इतक्या जणांनी विचारले आहेत की एकदा सविस्तर उत्तर लिहावं असं वाटलं.

माणसं, दुकानं आणि सरकारं निवड कशी करतात, त्या निवडीची झळ किंवा लाभ कुणाला पोचतो आणि तो मोजायचा कसा, हे अर्थशास्त्र शिकवतं. पैसा मोजायला सोयीचा असतो म्हणून तो या विषयात सतत येतो. पण शिक्षण, लग्न, पाऊस, जात, निवडणूक, नवरात्रीतला गरबा हे सगळं या विषयाच्या कक्षेत येतं. शेअर बाजाराचा वाटा त्यात अगदी लहान असतो. कोणता शेअर घ्यावा हे तर या पदवीत कुणीच शिकवत नाही.

पहिलं वर्ष: छोट्या निवडींचा हिशेब

सुरुवात होते सूक्ष्म अर्थशास्त्रापासून, म्हणजे एक ग्राहक, एक दुकान, एक बाजार. त्यातली पहिली मोठी कल्पना संधी-खर्चाची. एखादी गोष्ट निवडताना जी दुसरी चांगली गोष्ट हातची जाते, ती त्या निवडीची खरी किंमत.

या पदवीचाच हिशेब मांडून बघू. समजा वर्षाची फी आणि पुस्तकं मिळून २०,००० रुपये लागतात. तीन वर्षांचे झाले ६०,०००. घरी एवढाच आकडा बोलला जातो. पण तीच मुलगी बारावीनंतर एखाद्या दुकानात किंवा ऑफिसात महिना १२,००० वर लागली असती, तर वर्षाला १,४४,००० मिळाले असते. म्हणजे पदवीचा वर्षाचा खरा खर्च १,६४,००० आणि तीन वर्षांचा ४,९२,०००. यात जेवणाचा खर्च धरायचा का? नाही. कॉलेजात गेली काय, नोकरीला लागली काय, जेवण लागणारच. दोन्ही पर्यायांत सारखा असणारा खर्च निवडीच्या हिशेबात येत नाही. आणि समजा दीड वर्षानंतर तिला हा विषय नकोसा वाटला, तर ‘आता इतके पैसे घातले, पुरं कर’ हा युक्तिवाद अर्थशास्त्रात टिकत नाही. जे पैसे गेले ते कुठल्याही निर्णयाने परत येणार नाहीत. पुढच्या दीड वर्षाचा खर्च आणि पुढचा फायदा एवढंच तोलायचं. हे समजायला सोपं आहे, पण घरात, धंद्यात आणि सरकारात पाळायला फार अवघड जातं.

दुसरी कल्पना मागणीच्या लवचिकतेची, म्हणजे भाव बदलला की मागणी किती हलते याची. मांडवीकडच्या एखाद्या शेव-उसळवाल्याचं उदाहरण घेऊ. समजा तो ६० रुपयांची प्लेट ७० ला करतो आणि रोजच्या २०० प्लेटींवरून विक्री १८० वर येते. गल्ल्यात आधी १२,००० जमायचे, आता १२,६०० जमतात. किंमत सुमारे १७ टक्के वाढली, मागणी १० टक्के घटली, म्हणून लवचिकता साधारण ०.६. एकापेक्षा कमी असेल तर भाव वाढवून गल्ला वाढतो. विक्री १६० वर आली असती तर गल्ला ११,२०० झाला असता, लवचिकता १.२, आणि भाव वाढवणं अंगाशी आलं असतं.

आता खरी गोष्ट सुरू होते. ०.६ येईल की १.२, हे कशावर ठरतं? शेजारची गाडी ६० वरच थांबली असेल तर गिऱ्हाईक दोन पावलं चालून तिकडे जाईल. पण वाटाणा आणि तेल महागल्यामुळे सगळ्याच गाड्यांनी भाव वाढवले असतील तर पळायला जागा नाही, विक्री फारशी पडणार नाही. म्हणजे एकाच प्लेटची लवचिकता एका गाडीसाठी वेगळी आणि पूर्ण बाजारासाठी वेगळी. सरकार सिगारेटवर कर लावतं, त्यामागे जी कारणं आहेत त्यांत हेच तत्त्व आहे. ज्या वस्तूची मागणी भावाने फारशी हलत नाही, तिच्यावरचा कर भरवशाने जमा होतो.

मला वर्गात सर्वांत जास्त आवडणारं उदाहरण मात्र गरब्याच्या पासाचं. वडोदऱ्यात बऱ्याच मोठ्या मैदानांवर मुलांचा पास मुलींच्या पासापेक्षा कितीतरी महाग असतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कारण विचारलं की मुलं म्हणतात, ‘परंपरा आहे, मॅडम.’ पण एकाच गोष्टीसाठी दोन गटांकडून दोन किमती घ्यायच्या तर तीन अटी पाळाव्या लागतात. गट ओळखता आले पाहिजेत. दोन्ही गटांची पैसे मोजायची तयारी वेगळी पाहिजे. आणि स्वस्त पास महाग गटाला विकता येता कामा नये. पासावर फोटो किंवा मनगटाला पट्टा असतो तो एवढ्यासाठीच. याला किंमत-भेद म्हणतात. विमानाची तिकिटं आणि विद्यार्थ्यांना सवलतीत मिळणारे बसपास याच कुळातले.

गरब्यात आणखी एक पदर आहे. एका गटाच्या असण्यामुळे दुसऱ्या गटाला मैदानाचं मोल वाटतं. म्हणून ज्या गटाच्या येण्याने बाकीचे ओढले जातात, त्याला आयोजक स्वस्तात किंवा फुकट आत घेतो आणि दुसऱ्याकडून वसूल करतो. वर्तमानपत्र वाचकाला छपाईच्या खर्चापेक्षा कमी भावात मिळतं आणि जाहिरातदाराकडून वसुली होते, तेही असंच. अशा दोन बाजूंच्या बाजारांवर काम करणाऱ्यांत झाँ तिरोल हे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ आहेत. बड्या कंपन्यांची बाजारातली ताकद आणि तिच्यावरचं नियंत्रण या विषयांसाठी त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. वीस वर्षांच्या मुलाला आपल्या खिशातल्या पासामागचं हे गणित दिसतं तेव्हा विषय त्याचा होतो.

देशाचा हिशेब, आणि बडोद्याचे दिवाण

स्थूल अर्थशास्त्र म्हणजे अख्ख्या देशाचं उत्पन्न, महागाई, बेकारी, व्याजदर, परदेशी व्यापार. या भागात बडोद्याच्या माणसाला अभिमान वाटावा असं पुष्कळ आहे. दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये बडोदा संस्थानाचे दिवाण झाले, मल्हारराव गायकवाडांच्या वादळी काळात. त्यांची दिवाणगिरी थोडकी टिकली. पण हिंदुस्थानातल्या माणसाचं सरासरी उत्पन्न मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न त्यांनीच केला. प्रांताप्रांतात पिकाखाली जमीन किती, एकरी पीक किती, भाव काय, असं जोडत जाऊन १८६७-६८ च्या सुमाराचं दरडोई उत्पन्न वर्षाला अंदाजे २० रुपये येतं, असं त्यांनी मांडलं. मग त्यांनी एक जबरदस्त तुलना केली. तुरुंगातल्या कैद्याला सरकार जेवढं अन्नवस्त्र देतं त्याचा खर्च काढला आणि दाखवून दिलं की सरासरी रयतेच्या वाट्याला तेवढंही येत नाही. आज आपण ज्याला दारिद्र्यरेषा म्हणतो तिचं बीज या तुलनेत आहे.

पुढे १९०४ मध्ये सयाजीराव महाराजांनी रमेशचंद्र दत्तांना महसूल खात्यावर आणलं, ते १९०९ मध्ये दिवाण झाले. ब्रिटिश काळातल्या शेतसाऱ्याचा आणि बुडालेल्या हस्तोद्योगांचा सविस्तर आर्थिक इतिहास लिहिणारे ते हेच दत्त.

आज देशाचं उत्पन्न म्हणजे जीडीपी. व्याख्या पाठ करायला दोन मिनिटं लागतात, पण ती नीट कळायला एक सत्र लागतं. गहू, मग पीठ, मग पाव, असे तिन्ही मोजले तर एकच गहू तीनदा मोजला जाईल. म्हणून प्रत्येक टप्प्यावर वाढलेलं मूल्य तेवढं मोजतात. दिवाळीला आईने घरी चकल्या केल्या तर तिची मेहनत जीडीपीत येत नाही. त्याच चकल्या घरगुती फराळ विकणाऱ्या बाईंकडून आणल्या तर येते. चकली तीच, कष्ट तेच. याच कारणाने बायकांच्या न मोजलेल्या कामावर अर्थशास्त्रात आज एवढा विचार चाललाय. बेरोजगारीचंही तसंच: जो काम शोधतच नाही तो बेरोजगारांत धरला जात नाही. काम शोधून दमलेल्या माणसाने शोधणं सोडलं की बेरोजगारीचा दर कमी झालेला दिसतो. वर्तमानपत्रातला एखादा आकडा बघून खूष किंवा नाराज होण्याआधी त्याच्या भाजकात कोण आहे हे विचारायची सवय इथे लागते.

व्याजदराचा धडा तर घरोघरी लागू पडतो. रिझर्व्ह बँकेला सरकारने महागाई ४ टक्क्यांवर ठेवायचं लक्ष्य दिलं आहे, खाली २ आणि वर ६ पर्यंत सूट आहे. २०१६ मध्ये कायद्यात बदल करून ही व्यवस्था आली. सहा जणांची समिती रेपो दर ठरवते, तीन बँकेचे आणि तीन सरकारने नेमलेले. बँकांना रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने थोड्या मुदतीचं कर्ज मिळतं तो रेपो. ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जं अशा बाहेरच्या दराशी जोडावी लागतात, म्हणून रेपो हलला की ईएमआय हलतो किंवा हप्त्यांची संख्या बदलते. पण अवकाळी पावसाने टोमॅटो महागले तर रेपो वाढवून टोमॅटो पिकत नाहीत. व्याजदर मागणीवर चालतो, पुरवठ्यावर त्याचा जोर नाही. मग समितीने अशा वेळी थांबावं की दर वाढवावा? या प्रश्नावर जाणकारांतही मतभेद असतात. विद्यार्थ्याने दोन्ही बाजू मांडून आपलं मत द्यावं अशी परीक्षेत अपेक्षा असते.

जिथे मागणी-पुरवठ्याचा आलेख अडतो

अर्थशास्त्र बाजाराची भलामण करतं असा एक समज आहे. त्याबद्दल मला थोडं थांबून लिहायचंय, आणि त्यासाठी कमाटी बागेपेक्षा जवळची जागा नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. करारानुसार १९१७ मध्ये ते संस्थानाच्या नोकरीसाठी बडोद्यात आले. एवढ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथून जात कळल्यावर हाकललं गेलं. कमाटी बागेतल्या वडाखाली ते बसले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

पहिल्या वर्षीचा मागणी-पुरवठ्याचा आलेख इथे लावून बघा. मागणी होती, कारण माणसाला खोली हवी होती आणि नोकरीचा पगार होता. पुरवठा होता, कारण शहरात खोल्या होत्या. आलेखानुसार दोन रेषा छेदतात आणि व्यवहार होतो. प्रत्यक्षात झाला नाही.

गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये भेदभावाला अर्थशास्त्राच्या चौकटीत बसवलं. त्याचा युक्तिवाद असा: पूर्वग्रहापायी जो मालक चांगला भाडेकरू किंवा चांगला कामगार नाकारतो, तो स्वतःचं नुकसान करून घेतो. पूर्वग्रह नसलेला प्रतिस्पर्धी त्याच माणसाला घेऊन नफा कमावतो. म्हणून स्पर्धा वाढेल तसा भेदभाव महाग पडेल आणि ओसरेल. ऐकायला तर्क पक्का वाटतो. आता त्या धर्मशाळेच्या चालकाच्या जागी उभे राहा. आंबेडकरांना ठेवून घेतलं तर एका खोलीचं भाडं मिळणार, पण बाकीचे पाहुणे उठून जाण्याची भीती आहे. गिऱ्हाइकांचाच पूर्वग्रह असेल तर भेदभाव करणं हाच नफ्याचा सौदा ठरतो, आणि स्पर्धा तो मोडण्याऐवजी टिकवते. बेकरच्या मांडणीतही गिऱ्हाइकांच्या भेदभावाची ही शक्यता आहे. अशा ठिकाणी बाजार आपण होऊन सुधारत नाही, कायदा, सरकारी घरं, शिक्षण आणि संघर्ष लागतात. श्रमाच्या अर्थशास्त्राच्या पेपरात भेदभाव हा प्रकरणाचा विषय असतो. वडोदऱ्याच्या वर्गात तो शिकवताना परदेशातलं उदाहरण शोधायची गरजच पडत नाही.

आणि बाबासाहेबांचं अर्थशास्त्र एवढ्यावर थांबत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता, तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोलंबियातला डॉक्टरेटचा प्रबंध केंद्र आणि प्रांत यांच्या पैशाच्या वाटणीचा इतिहास सांगतो. तो १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आला तेव्हा त्यांनी तो सयाजीराव महाराजांना अर्पण केला. कर कुणी गोळा करायचा आणि खर्च कुणी करायचा हाच तिढा आज जीएसटी आणि वित्त आयोगाच्या चर्चेत आहे. सार्वजनिक वित्ताचा पेपर याच विषयावर असतो.

गणिताची भीती आणि अमरेलीचा प्रयोग

गणित लागतं. मुलांना हे आधी कुणी सांगत नाही, आणि दुसऱ्या वर्षी ती हबकतात. शेव-उसळवाल्याचा खरा प्रश्न असतो ‘आज आणखी एक पातेलं लावू का?’ त्या आणखी एकाने खर्च किती वाढेल आणि कमाई किती वाढेल, याला सीमान्त खर्च आणि सीमान्त प्राप्ती म्हणतात. दोन्ही जिथे सारखे होतात तिथे थांबायचं. हे ‘आणखी एक’ काढायचं साधन म्हणजे अवकलन. बजेट ठरलेलं असताना सर्वांत जास्त समाधान कसं मिळवायचं, याला लागतो लग्रांज गुणक. अनेक बाजार एकत्र सोडवायला मॅट्रिक्स. आकडेशास्त्राला संभाव्यता. आयआयटीच्या प्रवेशाइतकं काही लागत नाही. पण बारावीचं गणित हात धरून चालवता आलं पाहिजे.

याचं खरं चीज तिसऱ्या वर्षी अर्थमितीत होतं, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक दावे तपासण्याच्या शास्त्रात. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असं म्हणता येत नाही, हे सगळेच म्हणतात. मग ‘यामुळे ते झालं’ असं कधी म्हणता येतं? उदाहरण आपल्याच संस्थानाचं आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये आधी अमरेली भागात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केलं. मधली तेरा वर्षं एका भागात सक्ती होती, बाकी ठिकाणी नव्हती. आजचा संशोधक अशा संधीला नैसर्गिक प्रयोग म्हणतो.

आकडे केवळ समजण्यासाठी घेते. समजा अमरेलीत साक्षरता शेकडा १० वरून २२ झाली. म्हणून १२ चा फायदा सक्तीमुळे झाला का? घाई करू नका. समजा शेजारच्या, सक्ती नसलेल्या तालुक्यात ती त्याच काळात ८ वरून १४ झाली. म्हणजे ६ ची वाढ काळाच्या ओघातच झाली असती. अमरेलीच्या १२ मधून हे ६ वजा केले की उरलेले ६ सक्तीच्या खात्यावर टाकता येतील. या पद्धतीला फरकांतला फरक म्हणतात. पण ती एका गृहीतकावर उभी आहे: सक्ती नसती तर दोन्ही भाग सारख्याच वेगाने सुधारले असते. अमरेली निवडलीच का होती? तिथे आधीपासून शाळांची ओढ जास्त होती का? की दुष्काळाने एका भागाला जास्त झोडपलं? हे प्रश्न विचारल्याशिवाय ते ६ हा आकडा कोरडाच. चांगला विद्यार्थी आकडा काढतो आणि मग स्वतःच त्यावर शंका घेतो.

डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी हीच पद्धत किमान वेतनावर वापरली. १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्यात किमान वेतन वाढलं, लगतच्या पेनसिल्व्हेनियात वाढलं नाही. दोन्हीकडच्या फास्ट फूडच्या दुकानांतल्या नोकऱ्या त्यांनी आधी आणि नंतर मोजल्या. वेतन वाढलं की नोकऱ्या जातात हे पहिल्या वर्षीच्या आलेखाचं भाकीत त्यांना तिथे खरं ठरताना दिसलं नाही. वाद अजून चालू आहे, पण नुसत्या आलेखावर विसंबून राहणं तेव्हापासून कठीण झालं. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं, जोशुआ अँग्रिस्ट आणि गिडो इंबेन्स यांच्याबरोबर.

कॉलेज निवडताना

महाराजा सयाजीराव विद्यापीठात आर्ट्स फॅकल्टीत अर्थशास्त्राचा विभाग आहे, आणि कॉमर्स फॅकल्टीत बी.कॉम.ला बिझनेस इकॉनॉमिक्स असतं. दोन्हींचा रोख वेगळा. कॉमर्समध्ये हिशेब, कर, ऑडिट यांच्या जोडीला अर्थशास्त्र येतं. सी.ए. किंवा घरचा धंदा डोक्यात असेल तर तेच बरं. समाज, धोरण, आकडेवारी, संशोधन यांची ओढ असेल तर बी.ए. किंवा बी.एस्सी. अर्थशास्त्र. या विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम इंग्रजी आहे. मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या सत्रात दीर्घ उत्तरं लिहिणं जड जातं, विषय समजत असूनही गुण कमी पडतात. पहिल्या महिन्यापासून आठवड्याला एक उत्तर लिहून कुणा शिक्षकाला दाखवणं हाच त्यावर उपाय मी पाहिलाय.

वडोदऱ्यातून शिकून मोठे झालेले अर्थतज्ज्ञ हवे असतील तर आय. जी. पटेल आठवावेत. बडोदा कॉलेजात शिकून केंब्रिजला गेले, १९७७ ते १९८२ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक झाले.

कॉलेजच्या नावापेक्षा अभ्यासक्रम बघा, असं मी आग्रहाने सांगेन. जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा. प्रश्न ‘व्याख्या द्या’, ‘गुणदोष लिहा’ एवढेच असतील तर ती पदवी पाठांतराची. ‘काढा’, ‘सिद्ध करा’, ‘या आकड्यांवरून निष्कर्ष सांगा’ असे असतील तर तिथे खरं अर्थशास्त्र चालतं. अर्थमितीचा पेपर सक्तीचा आहे का आणि तो संगणकावर शिकवतात की फळ्यावर, हेही विचारा. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि रिझर्व्ह बँक व सांख्यिकी मंत्रालयाची आकडेवारी कुणालाही उतरवून घेता येते. कॉलेजात सोय नसली तरी घरी बसून शिकता येतं.

नोकरीबद्दल पालकांना स्पष्ट सांगायला हवं. नुसत्या बी.ए.वर ‘अर्थतज्ज्ञ’ म्हणून कुणी घेत नाही. बँक ऑफ बडोदासारख्या सरकारी बँकांच्या अधिकारी परीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, तिथे या पदवीला खास आरक्षित जागा नाही. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी परीक्षेत आर्थिक-सामाजिक प्रश्नांवर पेपर असतो, तिथे मात्र तयारी अर्धी झालेली असते. यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा हवी असेल तर अर्थशास्त्रात किंवा त्याच्या जवळच्या विषयात एम.ए. लागतंच. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागालाही तेच. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.नंतर नेट ही पात्रता परीक्षा. आकडेवारी हाताळता येत असेल तर पदवीनंतर लगेच सल्लागार कंपन्या, सर्वेक्षण संस्था आणि डेटा विश्लेषणात काम मिळू शकतं. थोडक्यात हा पाच वर्षांचा बेत समजून चाला. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेता येते किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. आणि दुय्यम विषयही निवडता येतो. तो शक्यतो गणित किंवा सांख्यिकी घ्या, कारण एम.ए.चे चांगले दरवाजे त्याच किल्लीने उघडतात. पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, मुंबईत रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, शिवाय २०२१ पासून आयआयटीच्या जॅम या प्रवेश परीक्षेत आलेला अर्थशास्त्राचा पेपर, या सगळ्यांत गणिताची चाचपणी होते.

अकरावीपासून गणित सुटलेल्या मुलांनीही निराश होऊ नये. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. सगळी करायची गरज नाही. फलन, मर्यादा, अवकलन, मॅट्रिक्स आणि संभाव्यता एवढेच धडे, रोज दीड तास, उदाहरणं स्वतःच्या हाताने सोडवत गेलात तर निकाल ते पहिलं सत्र या सुट्टीत पुरे होतात.